कोणत्या पुलावर, किती फूट?

इंदूरच्या रेल्वे स्थानकालगतचे सियागंज ही किराणा, मसाले आणि सुक्या मेव्याची घाऊक पेठ असून, माळव्यातील व नर्मदाकाठच्या निमाडातील असंख्य लहान दुकानांचा माल येथूनच भरला जातो. अशा पेठेला पुराची झळ दोन्ही बाजूंनी बसते. शहरातल्या नदीनाल्यांचे पाणी तळमजल्यावर वीतभर चढले, तरी थप्पीतली खालची पोती कामातून जातात. आणि दूरवरच्या नद्यांचे पाणी पेठेला शिवले नाही, तरी रस्ते अडवून तिचा व्यवहार बंद पाडते.

शहरातली नदी म्हणजे कान्ह, जिला बोलण्यात खान असेही म्हणतात. दक्षिणेकडच्या टेकड्यांतून येणाऱ्या या नदीला होळकरांच्या कृष्णपुरा छत्र्यांजवळ सरस्वती मिळते आणि पुढे ती उत्तरेला जाऊन उज्जैनजवळ क्षिप्रेत विलीन होते. जुन्या इंदुरात नदीकाठच्या एका वस्तीला चंद्रभागा म्हणतात आणि पंढरीनाथाचे मंदिरही शहरात आहे, यावरून मराठी माणसांनी येथे येताना काय काय बरोबर आणले, ते कळते. एरवी सांडपाण्याने ओळखली जाणारी ही नदी २१-२२ ऑगस्ट २०२० रोजी मात्र नदीसारखी वागली. चोवीस तासांत २६३ मिलिमीटर, म्हणजे दहा इंचांहून जास्त पाऊस झाला. वर्षभराच्या सरासरीचा चौथा हिस्सा एका दिवसात पडला आणि सखल वस्त्यांत घरोघरी पाणी शिरले. यापेक्षा मोठा, सुमारे २९३ मिलिमीटरचा पाऊस शहराने जुलै १९१३ मध्ये पाहिला होता.

हवामान खात्याचे पिवळा, नारंगी आणि लाल हे इशारे जिल्ह्यासाठी दिलेले असतात, आणि त्यांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. पण महू, सांवेर, देपालपूर आणि सियागंज या सर्वांना एकच रंग मिळतो, तर पाणी मात्र रंग पाहून नव्हे, उतार पाहून येते. तळमजल्यावरचा माल माळ्यावर चढवायला हमाल कधी बोलवायचे, हे ठरवणाऱ्या व्यापाऱ्याला वर बिलावली तलाव किती भरला आणि कोणता पूल बंद झाला, एवढेच हवे असते. इंदूरची वृत्तपत्रे पावसाळ्यात तलावांच्या पातळ्या फुटांत छापतात; बिलावलीची पूर्ण पातळी ३४ फूट आणि गंभीर नदीवरच्या यशवंतसागराची १९ फूट, हे येथील जाणत्या वाचकाला तोंडपाठ असते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या फूट-इंचांना हेच स्थान आहे. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी, म्हणजे काठच्या लोकांनी आवराआवर सुरू करण्याची खूण, आणि ४३ फूट ही धोका पातळी, म्हणजे वस्तीत पाणी शिरण्याची शक्यता, आणि २०१९ च्या महापुरात नदी ५५ फुटांच्याही वर गेली होती. शिवाजी पुलावरच्या माशाच्या आकृतीला पाणी टेकले की ‘मच्छिंद्री झाली’ असे सारे शहर म्हणते. मोजपट्टी लोकांच्या बोलण्यात इतकी मुरलेली असली, तर बातमी चार शब्दांची असूनही पुरते.

व्यापाराच्या दृष्टीने दूरच्या पाण्याची बातमी कदाचित अधिक मोलाची ठरते. इंदूर-खंडवा रस्त्यावरचा मोरटक्क्याचा पूल नर्मदेला पूर आला की वाहतुकीला बंद होतो, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तो तसा बंद झाला, तेव्हा पलीकडे जाणाऱ्या मालाला वळसा घ्यावा लागला. त्याच्या आदल्या वर्षी धार जिल्ह्यातील कारम नदीवरच्या, बांधकाम चालू असलेल्या मातीच्या धरणाला गळती लागली. धरण आपणहून फुटण्याआधी बाजूने चर खोदून पाणी सोडण्याचा निर्णय झाला. धार आणि खरगोन जिल्ह्यांतील अठरा गावे रिकामी करण्यात आली आणि १४ ऑगस्टला पाणी वाहून गेले. जीवितहानी झाली नाही. अशा दिवसांत गाव सोडायचे की नाही, गुरे कोठे न्यायची, महामार्ग चालू आहे की नाही, या प्रश्नांची उत्तरे दिल्ली-भोपाळच्या वाहिन्यांवर मिळत नाहीत. त्यांना धरणाचे दृश्य पुरते.

लोकांना आपल्या भागापुरती खबर पोचवण्याच्या या कामाची इंदूरला परंपरा आहे. १९४७ मध्ये निघालेल्या ‘नई दुनिया’ या वृत्तपत्राला राहुल बारपुते यांच्यासारखा मराठीभाषक संपादक लाभला, आणि आकाशवाणीच्या इंदूर केंद्रावर नंदाजी आणि भेराजी ही जोडी शेतकऱ्यांशी माळवीत बोलत असे. त्याही आधी, नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होळकर दरबारासाठी १९१८ चा अहवाल तयार करीत असता, प्लेगाला कंटाळलेल्या या शहरात दिवाळीची मिरवणूक त्यांनी हाती घेतली. जो भाग सर्वांत स्वच्छ असेल, त्यातून मिरवणूक जाईल, अशी दवंडी पिटल्यावर घरोघरी झाडलोट सुरू झाली, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. साऱ्या शहराला उद्देशून केलेल्या उपदेशाने जे साधले नसते, ते प्रत्येक गल्लीला आपापल्या दारापुरती खबर मिळाल्याने साधले.

आज सियागंजात हे काम बरेचसे व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर येऊन पडले आहे. तेथे खबर वेगाने येते, पण गेल्या वर्षीचे पाण्याचे चित्र याही वर्षी फिरते आणि ‘धरण फुटले’ ही अफवा खऱ्या बातमीच्या आधी पोचते. पुलावर जाऊन पाहून आलेला वार्ताहर आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापणारे वृत्तपत्र यांची जागा असा गट घेऊ शकत नाही. शिवाय कान्हचे पाणी इंदुरात ओसरले, तरी ते क्षिप्रेकडे निघालेले असते आणि यशवंतसागराचे दरवाजे उघडले की गंभीरही उज्जैनकडेच धावते. त्यामुळे इंदूरच्या आवृत्तीत आतल्या पानावर गेलेली या पाण्याची बातमी उज्जैनच्या आवृत्तीत पहिल्या पानावर, आणि शक्य तर छापण्याआधीच तेथील क्षिप्राकाठच्या रामघाटावरच्या दुकानदारांच्या फोनवर, असायला हवी.