मारां कोंबडीचा रंग : समज आणि वस्तुस्थिती

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, ला रोशेल बंदराजवळच्या पाणथळ मुलखात मारां नावाचं गाव आहे. तिथं येणाऱ्या जहाजांवर झुंजीचे कोंबडे असत. खलाशांनी आणलेले हे कोंबडे आणि दलदलीच्या काठची गावठी कोंबडी यांचा संकर होत गेला. पुढे त्यात लँगशान या चिनी वंशाचं रक्त मिसळलं आणि गडद तपकिरी, जवळजवळ चॉकलेटी अंडी देणारी कोंबडी तयार झाली. १९१४ साली ती ला रोशेलच्या प्रदर्शनात मांडली गेली. १९३१ मध्ये तिची पहिली प्रमाणित लक्षणं लिहिली गेली. इयान फ्लेमिंगने १९५७ च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या कादंबरीत जेम्स बाँडच्या न्याहारीला याच कोंबडीचं अंडं ठेवलं आहे.

अंड्याच्या या रंगामुळे मारां जगभरच्या हौशी पाळणाऱ्यांकडे पोचली, आणि या रंगामुळेच तिच्या पैदाशीबद्दल चुकीच्या समजुतीही भरपूर पसरल्या. यातल्या काही निरुपद्रवी आहेत. पण काहींच्या मागे लागून चांगला वंश चार-पाच पिढ्यांत मातीत जातो.

“चॉकलेटी अंडं जास्त चवदार आणि पौष्टिक असतं”

अंड्यातलं पोषण आणि चव कोंबडीच्या खाण्यावर, वयावर आणि अंड्याच्या ताजेपणावर अवलंबून असते. टरफलाच्या रंगाचा त्यात काही वाटा नाही. आपल्याकडे तपकिरी अंडं दिसलं की ते गावरान समजून जास्त पैसे मोजले जातात. ऱ्होड आयलंड रेडसारख्या विदेशी जातीही तपकिरीच अंडी देतात, हे तेव्हा लक्षात राहत नाही. कडकनाथचं अंडं काळं असतं असंही अनेकांना वाटतं. त्याचं मांस आणि हाडं काळपट असली तरी अंडं फिकट बदामी रंगाचंच असतं.

मारांच्या अंड्यावरचा रंग म्हणजे प्रोटोपॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य. कोंबडीच्या पोटात अंडं पूर्ण व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले सुमारे वीस तास ते टरफल तयार करणाऱ्या ग्रंथीत असतं. पांढरं टरफल आधी घडतं आणि रंगाचा बराचसा भाग अंडं बाहेर पडण्याआधीच्या शेवटच्या काही तासांत वरून चढतो. घराला गिलावा झाल्यावर शेवटी रंगाचा हात मारावा, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच मारांचं अंडं फोडून पाहिलं तर टरफल आतून फिकं दिसतं, आणि नुकत्याच घातलेल्या ओल्या अंड्यावर नख ओढलं तर रंग निघून येतो. त्यात भेसळीचा संशय घेण्यासारखं काही नाही. निळ्या अंड्याचं मात्र वेगळं आहे. तिथे बिलिव्हर्डिन हे रंगद्रव्य टरफलात आरपार मुरलेलं असतं. निळी अंडी देणाऱ्या अरौकानासारख्या जातीशी मारांचा संकर केला की निळ्यावर तपकिरी थर बसून ऑलिव्ह रंगाचं अंडं मिळतं.

“खाणं बदललं की अंडं गडद होतं”

ही समजूत एका खऱ्या निरीक्षणातून निघाली आहे. झेंडूच्या पाकळ्या, पिवळा मका किंवा लसूणघास खाऊ घातला की अंड्यातला बलक केशरी होतो, हे आपल्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांना चांगलं माहीत आहे. पण बलकाचा रंग खाण्यातून येतो, टरफलाचं रंगद्रव्य मात्र कोंबडीचं शरीर स्वतः बनवतं. खाण्यातून रंग वाढवता येत नाही, घालवता मात्र येतो. कॉक्सिडिओसिसवर दिलं जाणारं निकार्बाझिन हे औषध अंड्यावरच्या कोंबडीच्या पोटात गेलं तर थोड्याच दिवसांत तपकिरी अंडी फिकी पडतात. मानमोडी आणि इन्फेक्शस ब्रॉंकायटिस या रोगांतही तसंच होतं. कुत्र्याच्या किंवा मुंगसाच्या भीतीनं कोंबडीनं अंडं काही तास रोखून धरलं, तर त्यावर चुन्याचा जादा थर बसतो आणि ते धुरकट, गुलाबीसर दिसतं. अंड्याचा रंग अचानक उतरला तर पैदाशीला दोष देण्याआधी कोंबडीची तब्येत आणि खुराड्यातली शांतता तपासावी.

रंग अंड्यांच्या हंगामाप्रमाणे उतरतो तो वेगळा. तलंगेची पहिली अंडी सर्वांत गडद असतात. महिने जातात, अंडी वाढत जातात, तसा रंग फिका होत जातो. पिसं झडून विश्रांती झाली की तो पुन्हा चढतो. म्हणून एका कोंबडीचं पहिलं अंडं दुसरीच्या सहाव्या महिन्यातल्या अंड्याशेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. फ्रान्समधल्या मारां क्लबचा रंगतक्ता १ ते ९ अंकांचा आहे आणि ४ किंवा त्यावरचं अंडंच मारांचं म्हणून मानलं जातं. कोंबडीला ऐन अंड्यांच्या भरात या तक्त्यावर तपासावं. तेव्हाही जी ५-६ वर टिकून आहे, ती पहिल्या आठवड्यात ८ दाखवून पुढे ३ वर घसरणारीपेक्षा कितीतरी मोलाची.

“गडद अंड्यातून निघालेला कोंबडा गडदच रंग देणार”

सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीनं होतं, म्हणून तिच्याबद्दल थोडं विस्तारानं लिहितो.

कोंबडा अंडं देत नाही. त्याच्या अंगात अंड्याच्या रंगाचा वारसा कसा आहे, हे त्याच्याकडे कितीही निरखून पाहिलं तरी कळत नाही. अंड्याचा तपकिरी रंग अनेक जनुकांच्या एकत्र परिणामातून येतो. ज्या अंड्यातून तो निघाला त्याचा रंग त्याच्या आईचा आहे. तिच्या जनुकांपैकी कुठला निम्मा भाग त्याच्याकडे आला, हे त्या एका अंड्यावरून समजत नाही. शिवाय त्या अंड्यावर बापाची कसलीच छाप नसते. बापाकडून काय आलं, ते पुढच्या पिढीतल्या मुली अंड्यावर आल्या की उघड होतं.

तरीही कळपावर सगळ्यात मोठा प्रभाव कोंबड्याचाच असतो. एका कोंबड्यामागे सात-आठ कोंबड्या ठेवल्या तर पुढच्या पिढीतल्या प्रत्येक पिल्लाचा अर्धा वारसा त्याचा असतो. आणि बहुतेक लोक हाच कोंबडा निवडताना मानेवरचा तांबूस झगमगाट बघून भुलतात.

यावर उपाय एकच आहे, नातेवाईक तपासणं. कोंबड्याची आई, तिच्या बहिणी आणि त्याच्या स्वतःच्या सख्ख्या बहिणी यांची अंडी कशी आहेत, ते पाहावं. त्याहून खात्रीचा पुरावा त्याच्या मुलींचा. मारांच्या तलंगा साधारण सहा ते आठ महिन्यांच्या झाल्यावर अंड्यावर येतात. त्यात उबवणीचे २१ दिवस आणि मुलींची अंडी काही महिने पाहण्याचा काळ मिळवला की कोंबड्याबद्दल निकाल द्यायला वर्षाहून अधिक वेळ लागतो. तोवर तो दोन-अडीच वर्षांचा होतो, आणि आपल्याकडे तो केव्हाच रश्श्यात गेलेला असतो. चांगला कोंबडा तीन-चार वर्षं पैदाशीला चालतो. ज्याच्या मुली आपल्या आईपेक्षा गडद अंडी देतात, असा एक सिद्ध म्हातारा कोंबडा दहा देखण्या नवतरुणांपेक्षा जास्त कामाचा.

यासाठी कुठलं अंडं कोणत्या कोंबडीचं, हे माहीत असावं लागतं. कोंबडी आत गेली की दार आपोआप बंद होणारी अंड्याची पेटी वापरता येते, किंवा कोंबड्या वेगवेगळ्या ठेवता येतात. पायात नंबरची कडी, अंड्यावर पेन्सिलनं तारीख आणि शेजारी एक वही एवढं पुरतं. वही ठेवायचा कंटाळा असेल तर मारांच्या पैदाशीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक तपशील बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचं बीज दोन ते तीन आठवडे जिवंत राहतं. नवा कोंबडा सोडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गोळा केलेल्या अंड्यांतली पिल्लं नव्याचीच, असं धरून चालणाऱ्याची सगळी वंशावळ चुकते. जुना कोंबडा बाहेर काढल्यावर किमान तीन आठवडे थांबूनच उबवणीची अंडी जमवावीत.

“आधी रंग जमवू, अंगाची ठेवण नंतर सुधारू”

मारां ही भारदस्त कोंबडी आहे. फ्रेंच लक्षणांनुसार कोंबडा साडेतीन ते चार किलो आणि कोंबडी २.६ ते ३.२ किलोची असावी. खांदे रुंद, तुरा एकेरी, कानपाळ्या लाल, डोळे नारिंगी-लाल, पायाच्या नळ्यांवर बाहेरच्या बाजूनं विरळ पिसं. केवळ अंड्याच्या रंगामागे लागलेले कळप पाहिले की अरुंद छातीचे, हलके, वाकड्या शेपटीचे पक्षी दिसतात. तुऱ्याच्या बाजूला फुटणारा जादा दात हाही आनुवंशिक दोष आहे. तो एकदा वंशात शिरला की झाकून राहतो आणि पिढ्यान्‌पिढ्या डोकं वर काढत राहतो. असा कोंबडा अंड्याच्या रंगानं कितीही चांगला असला तरी तो पैदाशीतून काढावा, या मताचा मी आहे.

उलट दिशेनंही अतिरेक होतो. अंड्याचा रंग आणि अंड्यांची संख्या यांची फारशी मैत्री नाही. जी कोंबडी आठवड्यातून दोनच अंडी देते, तिचं अंडं गडद दिसणं स्वाभाविक आहे. फक्त सर्वांत गडद अंडी उबवत गेलं तर नकळत कमी अंडी देणाऱ्या कोंबड्यांचीच निवड होत जाते. आकारानं लहान पण काळसर अंडी देणाऱ्या तलंगेपेक्षा, भरपूर अंडी देऊनही रंग टिकवणारी कोंबडी शोधावी. ती क्वचित सापडते, पण सापडली की तिचीच पिल्लं जास्तीत जास्त राखावीत.

“निळ्याला निळा जोडला की सगळी पिल्लं निळी”

पिसांच्या रंगाचं गणित अंड्याच्या रंगापेक्षा सोपं आहे, कारण त्यातले बरेच गुण एकेका जनुकावर चालतात. निळा रंग म्हणजे काळ्या रंगावर बसलेली एक अर्धवट छटा. निळा कोंबडा आणि निळी कोंबडी यांच्या पिल्लांत सरासरीनं पाव काळी, निम्मी निळी आणि पाव पांढुरकी, ठिपक्यांची निघतात. शंभर टक्के निळी पिल्लं हवी असतील तर काळ्याशी त्या ठिपकेवाल्या पक्ष्याचा जोड लावावा.

पांढऱ्या-करड्या पट्ट्यांच्या, म्हणजे ककू रंगाच्या कळपात कोंबडे कोंबड्यांपेक्षा फिके दिसतात. अनेकांना ती भेसळ वाटते. प्रत्यक्षात पट्ट्यांचं जनुक लिंगगुणसूत्रावर असतं. शुद्ध कोंबड्यात त्याच्या दोन प्रती असतात, कोंबडीत एकच, म्हणून कोंबड्यावर पांढरेपणा जास्त. ब्लॅक कॉपर, म्हणजे काळ्या अंगाचा आणि तांबूस मानेचा कोंबडा ककू कोंबडीवर सोडला तर मुलगे पट्ट्यांचे आणि मुली बिनपट्ट्यांच्या निघतात. पट्टेवाल्या पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी नर-मादी ओळखता येतात.

सर्वांत लोकप्रिय ब्लॅक कॉपर या प्रकारात काळ्या अंगावर मानेशी तांब्याची झळाळी हवी. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशननं २०११ मध्ये या रंगाला मान्यता दिली. इथे निवड हाताबाहेर जाते ती अशी : मानेवर तांबूस कमी पडतो म्हणून लोक सर्वांत लाल कोंबडा घेतात, आणि दोन पिढ्यांत कोंबड्यांच्या छातीवर व पाठीवर तपकिरी शिंतोडे उमटू लागतात. मग घाबरून सर्वांत काळे पक्षी घेतले जातात आणि मानेवरचं तांबंच नाहीसं होतं. एक बाजू जास्त असेल तर दुसरी बाजू किंचित कमी असलेला जोडीदार द्यावा. दोन्हीकडून टोकाचे पक्षी एकत्र आणू नयेत.

पायावर पिसं नसली की मारां संकरित, असंही सरसकट म्हटलं जातं. १९२९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये गेलेल्या मारां कोंबड्यांतून तिथल्या लोकांनी गुळगुळीत पायांचे पक्षी निवडून काढले आणि तोच त्यांचा मान्य प्रकार ठरला. फ्रान्स आणि अमेरिकेत मात्र पिसं हवीतच. पायाच्या नळ्या पिवळ्या असतील तर ती कोंबडी कुठल्याच मापानं शुद्ध मारां ठरत नाही.

“रक्त शुद्ध ठेवायचं तर बाहेरचा पक्षी नको”

सख्ख्या भावा-बहिणीचा किंवा बाप-मुलीचा संबंध लावला की त्या पिल्लांत २५ टक्के अंतःप्रजनन होतं. असं दोन-तीन पिढ्या चाललं की आधी अंडी उबवण्याचं प्रमाण घसरतं, मग पिल्लं नाजूक होतात आणि शेवटी अंड्यांची संख्या कमी होते. रंग टिकतो आणि पक्षी संपतो. बाहेरचं अनोळखी रक्त दरवेळी आणण्यातही धोका आहे, कारण चार वर्षांत जमवलेला रंग एका कोंबड्यानं विस्कटतो. तीन कुटुंबं वेगळी ठेवावीत. प्रत्येक कुटुंबातल्या मुली तिथेच राहाव्यात आणि निवडलेला मुलगा दरवर्षी पुढच्या कुटुंबात जावा. पहिल्याचा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, तिसऱ्याचा पहिल्यात. थोडक्या जागेत, बाहेरून काही न आणता, अशी पद्धत अनेक वर्षं चालते. आपल्या गावरान कोंबड्यांसाठीही ती जशीच्या तशी लागू पडते, आणि मारांपेक्षा तिची गरज तिथे जास्त आहे असं मला वाटतं.

कुणाकडून मारांची पिल्लं किंवा उबवणीची अंडी घ्यायचा विचार असेल तर कोंबड्याचा फोटो मागू नका. त्याच्या आईची आणि बहिणींची ऐन भरातली अंडी रंगतक्त्याशेजारी ठेवून दाखवायला सांगा. ती दाखवता येत नसतील, तर पैसे देऊ नका.