आधी रेषा, मग काँक्रीट

वाडीत पिकलबॉलचं कोर्ट बांधायचं चाललंय? मग गवंड्याला फोन करण्याआधी हे वाचा.

मुंबई-पुण्यात सोसायटीच्या आवारापासून टर्फपर्यंत जिकडेतिकडे पिकलबॉल दिसायला लागलाय. मग सुट्टीत गावी आलेला एखादा भाऊ बॅगेतून दोन पॅडल काढतो, खळ्यात चार रॅली होतात आणि रात्री वाडीच्या ग्रुपवर मेसेज पडतो, ‘आपल्या वाडीत पण कोर्ट करूया काय रे?’ सकाळपर्यंत अंगठ्यांची रांग. आठवड्याभरात कोणीतरी गवंड्याशी बोलूनही येतो.

इथेच जरा थांबा. नेट चुकीचं घेतलं तर बदलता येतं, रंग उडाला तर पुन्हा मारता येतो. पण काँक्रीट एकदा ओतलं की ओतलं. त्याचा उतार चुकला, खालची जमीन बसली, तर वर्गणीचे पैसे गेले. आणि एकदा पोरांच्या कामात पैसे बुडाले की पुढच्या वेळी वाडी कुठल्याच कामाला हात सैल सोडत नाही.

दोन वर्षं बिनकोर्टाची

या खेळाचा जन्मच जुगाडातून झाला. १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल घरी आले, तर मुलं कंटाळून बसलेली. अंगणात जुनं बॅडमिंटन कोर्ट होतं, पण सामान पूर्ण नव्हतं. मग प्लास्टिकचा भोकांचा चेंडू घेतला आणि नेट खाली आणलं. पुढे बार्नी मॅकॅलम आले, प्लायवूडच्या बॅटी झाल्या, नियम ठरले. खास पिकलबॉलसाठी पहिलं पक्कं कोर्ट झालं ते १९६७ मध्ये, शेजाऱ्याच्या परसात. म्हणजे दोन वर्षं खेळ आधी, कोर्ट नंतर.

आपणही हेच करायला काय हरकत आहे? पिकलबॉलचं कोर्ट ४४ बाय २० फुटांचं, म्हणजे बॅडमिंटनच्या डबल्स कोर्टाएवढंच. शाळेचं मैदान, समाजमंदिरासमोरची फरसबंदी, एखादं मोठं खळं, काहीही चालेल. चुन्याने रेषा मारा. नेटपासून दोन्हीकडे ७ फूट ‘किचन’, तिथे चेंडू हवेतच मारायचा नाही. मागे उरलेल्या १५ फुटांचे मधोमध दोन भाग करा. नेट कडेला ३६ इंच, मध्ये ३४ इंच. आपल्याकडे मासेमारीच्या जुन्या जाळ्याचा तुकडा मिळणं काही कठीण नाही.

दोन-तीन महिने असं खेळा. त्यानंतरही संध्याकाळी दहा-बाराजण येत असतील, तर कोर्टाचा विषय काढा.

दोन गुंठे आणि चोवीस नावं

खेळाच्या रेषांबाहेर पळायला जागा लागते. किमान ६० बाय ३० फूट, आणि आरामात खेळायचं तर ६४ बाय ३४. ही दुसरी जागा जवळपास बरोबर दोन गुंठे भरते. कोकणात दोन गुंठे सापडतात, पण सातबाऱ्यावर चोवीस नावं असतात. त्यातली निम्मी लालबाग ते विरार पसरलेली. ‘काका काय बोलणार नाहीत’ या भरवशावर काम सुरू करू नका. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा सगळ्यांना एकत्र बसवा आणि लेखी संमती घ्या. ग्रामपंचायतीलाही कळवा. जागा समुद्र किंवा खाडीजवळची असेल तर सीआरझेडचे नियम आडवे येऊ शकतात, ते तहसील कार्यालयात आधीच विचारून घ्या.

जागा निवडताना कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवलंत तर संध्याकाळी एका टीमच्या डोळ्यांत थेट मावळता सूर्य. चेंडू जेमतेम २५ ग्रॅमचा, त्यामुळे दुपारचा समुद्रावरचा वारा त्याला हवा तिथे नेतो. आडोसा असलेली जागा बरी. पण माडांच्या खाली नको, कारण उघड आहे. आणि पॅडलचा ‘टॉक-टॉक’ आवाज लांबवर जातो. अमेरिकेत यावरून शेजाऱ्यांची भांडणं कोर्टात, म्हणजे खऱ्या कोर्टात गेली आहेत. घरांना अगदी चिकटून जागा घेऊ नका.

वरचं दिसतं, खालचं टिकतं

आपल्याकडे तीन प्रकारची जमीन. सड्यावरचा कातळ असेल तर अर्धं काम झालं. किनाऱ्याची पुळण असेल तर ती दाबून, वर खडीचा थर बसवावा लागतो. भातशेतीचा कुणगा असेल तर शक्यतो नकोच. ती माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि वरच्या काँक्रीटला तडे देते. उतारावर भराव टाकून जागा केली असेल तर थराथराने पाणी मारून रोलर फिरवा आणि एक अख्खा पावसाळा त्यावरून जाऊ द्या. जुनी माणसं घर बांधताना हेच सांगतात.

पाणी हा आपला खरा प्रतिस्पर्धी. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात सपाट कोर्ट म्हणजे तळं. दर १० फुटांना १ इंच उतार द्या, तोही रुंदीच्या दिशेने, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे. ३० फूट रुंदीला ३ इंच झाले. खेळताना ते जाणवत नाहीत. डोंगराकडच्या बाजूला गटार खोदा, नाहीतर वरचं पाणी कोर्टाखाली शिरणार. काँक्रीटखाली जाड प्लास्टिक अंथरा, म्हणजे जमिनीची ओल वर येऊन रंगाला फोड येणार नाहीत.

लोखंड आणि खारी हवा

४ इंच जाडीचं ६० बाय ३० फुटांचं काँक्रीट म्हणजे ६०० घनफूट, सरळ हिशेबात ६ ब्रास. हा आकडा लक्षात ठेवून दोन-तीन ठिकाणी भाव विचारा.

आता मालवणच्या हवेकडे वळू. खिडकीच्या गजांचं काय होतं ते आपण रोज बघतो. काँक्रीटमधल्या लोखंडाचंही तेच होतं, फक्त दिसत नाही. गंजलं की ते फुगतं आणि काँक्रीट फोडून बाहेर येतं. म्हणून किनाऱ्यावर लोखंड घातलेल्या काँक्रीटला आयएस ४५६ हे भारतीय मानक किमान एम-३० दर्जा सांगतं. समुद्राची वाळू आणि मचूळ विहिरीचं पाणी अजिबात वापरू नका. जाळी जमिनीवर टाकून वर काँक्रीट ओतणारे खूप भेटतील. खाली कव्हर ब्लॉक ठेवून जाळी जाडीच्या मध्यावर येते का, ते स्वतः उभं राहून बघा. लोखंड किती, मुळात हवं की नको, हे इंजिनिअरला ठरवू द्या. मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे. वाडीतलं कोणी ना कोणी सिव्हिलला असतंच, त्याला कामाला लावा.

कोबा नको

आपले गवंडी कोबा घोटण्यात पटाईत. पण कोर्ट आरशासारखं घोटलं तर रंग धरत नाही आणि पाय सटकतो. शेवटी हलक्या हाताने झाडू फिरवून पृष्ठभाग खरखरीत ठेवायला सांगा. दुसऱ्या दिवशी कटरने इंचभर खोल काप घ्या. काँक्रीट आक्रसताना तडा जाणारच, तो आपण सांगू त्या रेषेत जावा म्हणून. एक काप बरोबर नेटखाली घ्या, तिथे चेंडू टप्पा घेत नाही. नेटच्या खांबांसाठी पाइप आधीच गाडून ठेवा. खांबांमध्ये अंतर २२ फूट.

मग छोटे बांध घालून पाणी तुंबवा, निदान आठवडाभर. रंग मात्र २८ दिवसांनंतरच. त्याआधी एक चाचणी करा. पाइपने पाणी मारा आणि तासाभराने बघा. साचलेल्या पाण्यात आडवं ठेवलेलं एक रुपयाचं नाणं बुडत असेल, तर तो खड्डा रंगाआधी भरून घ्या. रंग कोर्टासाठीचा ॲक्रिलिकच हवा. पावसानंतर शेवाळ घासून काढायची पाळी सगळ्यांनी वाटून घ्या. आणि हो, घरच्यांना सांगून ठेवा, कोर्टावर कोकमं वाळत घालायची नाहीत. तो डाग जात नाही.

टाइमटेबल आधी लिहा

कामाचा क्रम सोपा आहे. गणपतीत संमती आणि वर्गणी, दिवाळीनंतर खोदाई, डिसेंबरात काँक्रीट, जानेवारीच्या शेवटी रंग. नवा भराव असेल तर या सगळ्यात एक वर्ष मिळवा.

पण सगळ्यात आधी एक कागद लिहा. मैदानावर संध्याकाळी क्रिकेट असतं आणि मुली कडेने घरी जातात, हे आपल्याला नवं नाही. पिकलबॉलला ताकद कमी लागते, जागा कमी लागते. आई, आजोबा, शाळेतली बहीण, सगळे खेळू शकतात. वर्गणी सगळ्या घरांतून घेणार असू तर वेळही सगळ्या घरांना मिळायला हवी. कोणाची वेळ कोणती, ते काँक्रीट ओतण्याआधी ठरवा आणि ग्रुपवर टाका.

तोपर्यंत चुन्याची एक पिशवी पुरे. रेषा मारायला उद्याची सकाळही चालेल.