छंदांचा बाजार (भाग सातवा) : पिसे पारखून, तार घरबसल्या

मागच्या भागात सुतारकामाच्या हत्यारांची खरेदी पाहिली. या वेळचा छंद त्याहून नाजूक आहे. ट्राउटसारख्या माशाला चकवण्यासाठी गळावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून नकली किडा बांधायचा, याला फ्लाय टायिंग म्हणतात. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये नद्या गारठल्या की या छंदाचे खरे दिवस सुरू होतात. तिकडे राहणाऱ्या एखाद्या मराठी वाचकाला हा नाद लागला, तर पहिला प्रश्न सामान कुठून घ्यायचे हाच असतो. त्याचे सरधोपट उत्तर म्हणजे तयार किट मागवा, किंवा ऑनलाइन जिथे सर्वांत स्वस्त मिळेल तिथून घ्या. मला ते पटत नाही. या छंदाचे निम्मे सामान कारखान्यात तयार होते आणि निम्मे प्राण्यापक्ष्यांच्या अंगावर वाढते. या दोन्हींसाठी दुकान एकच असावे, असे मानण्यातच गफलत आहे.

उदाहरणाला वुली बगर घेऊ. पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंग यांनी १९६७च्या सुमारास बांधलेली ही फ्लाय आजही बहुतेक नवशिक्यांना पहिली म्हणून शिकवतात. तिला लागतो लांब दांड्याचा गळ, दोरा, शेनीलची केसाळ दोरी, शेपटीसाठी मॅराबू आणि अंगावर गुंडाळायला कोंबड्याच्या पाठीचे पीस. यातला आठ नंबरचा गळ एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा असेल तर कुठूनही आणा, तोच निघेल. दोरा आणि शेनीलही तसेच. मॅराबूचे मात्र तसे नाही. हे नाव एका करकोच्याचे असले, तरी आज पाकिटात मिळतात ती टर्कीची मऊ पिसे. एकाच पाकिटातल्या काही पिसांची दांडी टोकापर्यंत बारीक असते आणि शेंड्याला दाट लव असते. पाण्यात ती शेपटी जिवंत असल्यासारखी हलते. काहींची दांडी जाड, ताठ, आणि शेंडा विरळ. अशा पिसाची शेपटी काडीसारखी उभी राहते. कोंबड्याच्या पिसाची परीक्षा आणखी सोपी आहे. पीस गळाभोवती किंचित वाकवले की त्याचे तंतू ताठ उभे राहतात. त्यांची लांबी गळाचे टोक आणि दांडा यांच्यामधल्या अंतराच्या साधारण दीड ते दोनपट भरली, तर पीस त्या गळाला योग्य. ही परीक्षा काउंटरवर होते, स्क्रीनवर नाही. भाजी आपण हातात घेऊन बघतो, त्यातलाच हा प्रकार.

यावर लगेच आक्षेप येईल, की फ्लाय शॉप, म्हणजे या सामानाचे खास दुकान, महाग पडते. खरे आहे, उत्तम प्रतीच्या पिसांचे अख्खे कातडे कधी कधी शंभर डॉलरच्याही वर जाते. पण अख्खे कातडे नवशिक्याला हवे कशाला? कोलोरॅडोतल्या व्हायटिंग फार्म्ससारखे उत्पादक एकाच मापाच्या गळासाठी निवडलेल्या पिसांची छोटी पाकिटे काढतात; एका पाकिटात शंभरेक फ्लाय बांधून होतात. उलट किटमध्ये सगळे थोडे थोडे असते आणि एकाही फ्लायची डझनभर बांधता येईल इतके काही नसते. त्यात सर्वांत निकृष्ट माल बहुधा पिसांचाच, आणि पीस दोऱ्याखाली निसटले की नवशिक्या दोष स्वतःच्या बोटांना देतो. किटपेक्षा किती कमी सामानात भागते ते पाहायचे असेल, तर इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांची फेझंट टेल निम्फ पाहा. गळ, फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, दोरासुद्धा नाही.

दुसरा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. हस्तकलेच्या दुकानात हेच सामान स्वस्त मिळते, असे म्हणतात. तांब्याची तार, फोम, लोकर तिथून खुशाल घ्या. मणी घेताना मात्र सांभाळा, कारण दागिन्यांच्या मण्याचे भोक गळाच्या वाकातून सरकेलच असे नाही. पिसे तर तिथे शोभेसाठी विकायला ठेवलेली असतात. फॅशनचा आणि या छंदाचा बाजार एकमेकांत कसा घुसतो, ते २०११ साली दिसले होते. केसांत पिसे माळायची टूम अमेरिकेत निघाली, लांब पिसे सलूनवाल्यांनी उचलली आणि फ्लाय शॉपची फळी रिकामी झाली. कोंबडा वाढायला काही महिने लागतात. मागणी आली म्हणून पिसांची दुसरी पाळी लावता येत नाही.

गावात फ्लाय शॉपच नसेल तर? १९५९ साली मिशिगनमध्ये सुरू झालेल्या ट्राउट अनलिमिटेड या संस्थेच्या स्थानिक शाखा पुष्कळ ठिकाणी हिवाळ्यात बांधणीच्या बैठका घेतात; चांगले पीस कसे दिसते ते तिथे आधी पाहून घ्यावे. मग दूरच्या दुकानाला फोन करून गळाचा नंबर आणि फ्लायचे नाव सांगितले, तर जाणकार विक्रेता माल निवडून पाठवतो. शिकार करणाऱ्या शेजाऱ्याकडून फेझंट किंवा टर्कीची पिसे फुकटही मिळतील. वाटेत पडलेले कुठलेही पीस मात्र उचलू नये. अमेरिकेच्या १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली बहुतेक देशी रानपक्ष्यांचे गळून पडलेले पीसही जवळ बाळगता येत नाही.

ओळखीच्या दुकानाच्या बाजूने शेवटचा मुद्दा हाच, की माल आला कुठून हे तिथे विचारता येते. जुन्या सामन फ्लायमध्ये आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची, मेणासारखे ठिपके असलेली पिसे लागतात. भारतात १९७२च्या कायद्याने या पक्ष्याला संरक्षण आहे. परदेशात कायदेशीर विकली जातात ती पाळलेल्या पक्ष्यांची. अशा दुर्मीळ पिसांच्या हव्यासापायी २००९ साली ब्रिटनमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली, आणि त्यातली बरीच याच छंदाच्या शौकिनांना ऑनलाइन विकली गेली. तेव्हा गावाकडून येताना रानकोंबड्याचे पीस बॅगेत टाकू नका, आणि पहिल्या खरेदीत एकाच फ्लायचे सामान घ्या. तिची दोन डझन बांधून झाल्याशिवाय दुसरे पाकीट फोडू नका.