पुनावळ्यात सगळं ‘होणार आहे’, म्हणजे नेमकं काय?

पुनावळ्यात फ्लॅट बघायला गेलं की सॅम्पल फ्लॅटच्या आधी भिंतीवरचा रंगीत नकाशा दाखवतात. त्यात हिंजवडी हाकेच्या अंतरावर असते, पवना नदी निळीशार असते आणि मेट्रोची तुटक रेघ थेट सोसायटीच्या दारातून जाते. ताबा मिळाल्यावर फ्लॅट घेतलेली माणसं पाण्याच्या टँकरचा हिशेब करताना दिसतात आणि मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो तो आपापलं स्पष्टीकरण देतो. त्यातली बरीचशी स्पष्टीकरणं चुकीची असतात.

सगळ्यात जुनं म्हणजे ‘हे अजून ग्रामपंचायतीतलं गाव आहे, म्हणून सोयी नाहीत.’ तसं नाही. पुनावळे १९९७ साली इतर गावांबरोबर पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. शेजारचं ताथवडे आलं ते त्यानंतर बारा वर्षांनी, २००९ मध्ये. हिंजवडी, मारुंजी, जांबे ही गावं मात्र महापालिकेच्या हद्दीबाहेर राहिली. त्यांना हद्दीत घेण्याची मागणी जुनी आहे. त्यामुळे ‘हद्दीत आलो की सगळं सुरळीत होईल’ असं मारुंजीकरांना वाटत असेल, तर त्यांनी पुनावळ्यात एक फेरी मारावी. इथे पाव शतकाहून जास्त काळ महापालिका आहे.

मग अडलं कुठे? त्यासाठी हे शहर वाढलं कसं ते पाहावं लागतं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. मग एमआयडीसी, टेल्को, बजाज आले आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वस्ती लांबत गेली. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. मधल्या काळात, १९७२ साली, नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. निगडी-आकुर्डीकडच्या सेक्टरांत आजही रस्ते सरळ आहेत, पदपथ आहेत, झाडं आहेत, कारण तिथे आधी जमीन संपादन केली, मग रस्ते आखले आणि शेवटी घरं बांधली. त्याची किंमत शेतकऱ्यांनी मोजली. साडेबारा टक्के जमिनीच्या परताव्यासाठी त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही भांडावं लागलं. प्राधिकरणाची टापटीप बघून हळहळणाऱ्यांनी ही बाजू विसरू नये.

पुनावळ्यात क्रम उलटा झाला. जमीन शेतकऱ्यांच्याच नावावर राहिली, त्यांनी ती बिल्डरला विकली किंवा विकसनाला दिली, आणि रस्ता, पाणी, सांडपाणी वाहिनी हे सगळं इमारतींच्या मागून येत राहिलं. बंगळूर महामार्गाचा बायपास आणि हिंजवडीचं आयटी पार्क यांनी शहराचं वजन पश्चिमेकडे ओढलं, तेव्हा हे गाव बरोबर मध्ये सापडलं. थोडक्यात, इमारत तीन-चार वर्षांत खाजगी पैशातून उभी राहते आणि रस्ता सातबाऱ्यावरच्या प्रत्येक सहीची वाट बघतो. इथली बहुतेक रडकथा या दोन वेगांतल्या अंतराची आहे.

‘डीपी रोड आहे, म्हणजे होणारच’ या समजुतीनं सगळ्यात जास्त लोकांना फसवलंय. विकास आराखड्यातली रेघ म्हणजे महापालिकेनं व्यक्त केलेला इरादा. त्या रेघेखालची जमीन ताब्यात येईपर्यंत तिथे खडीचा एक ट्रकही टाकता येत नाही. जमीन घ्यायचे मुख्य मार्ग दोन. रोख मोबदला द्यायचा, किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क. आता एक सातबारा डोळ्यांसमोर आणा. आजोबांच्या नावामागे चार मुलं, तीन मुली, त्यांचे वारस. एक चुलता म्हणतो रोख द्या, दुसरा म्हणतो टीडीआर द्या, आणि लग्न होऊन गेलेल्या आत्याचा वाटणीचा दावा कोर्टात. या एका गटापाशी रस्ता थांबतो. म्हणून इथले डीपी रस्ते तुकड्यातुकड्यांत दिसतात: शे-दोनशे मीटर गुळगुळीत काँक्रीट, पुढे पत्र्याचं कुंपण, त्यापलीकडे ज्वारी, आणि ज्वारीपलीकडे पुन्हा काँक्रीट. पुढाऱ्यांना शिव्या घालून हा पत्रा हलत नाही. त्यांचा दोष वेगळा आहे: संपादनासाठी लागणारा पैसा आणि माणसं वेळेवर लावली नाहीत.

याला जोडूनच आणखी एक समजूत. ‘रस्ते नाहीत तरी उंच इमारतींना परवानगी देतात, म्हणजे नियमच नाहीत.’ नियम आहेत. डिसेंबर २०२० पासून, मुंबईसारखे काही अपवाद वगळता, राज्यभर एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात बांधकामाची मर्यादा रस्त्याच्या रुंदीशी बांधलेली आहे. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ चटई निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, १.१. तीस मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर प्रीमियम आणि टीडीआर धरून तो तीनपर्यंत जातो आणि त्यावर आनुषंगिक क्षेत्र वेगळं मिळतं. हा हिशेब समोरच्या रस्त्याचा होतो. तो रस्ता पुढे महामार्गाला कुठे आणि केवढ्या बोळातून मिळतो, याचा विचार त्यात होत नाही. पुनावळ्याचा महामार्गाखालचा भुयारी मार्ग हे त्याचं रोजचं प्रात्यक्षिक. वाडीवस्तीच्या वर्दळीपुरता केलेला तो बोगदा आता सकाळी हिंजवडीकडे जाणाऱ्या गाड्या, शाळेच्या बस, सिमेंटचे मिक्सर आणि टँकर एकदम गिळू पाहतो. तो रुंद करणं महापालिकेच्या एकटीच्या हातात नाही, कारण महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. दोन्ही बाजूंचे गावातले रस्ते महापालिकेचे, हद्दीपलीकडचे पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या अखत्यारीत, आयटी पार्कातले एमआयडीसीचे. ऑफिसला जाताना माणूस अर्ध्या तासात चार सरकारी संस्थांच्या हद्दी ओलांडतो. तक्रार नेमकी कुणाकडे करायची हे कळण्यातच निम्मी शक्ती जाते.

आता पाणी. ‘नदी शेजारी, बंधारा शेजारी, तरी आम्हाला टँकर! हे मुद्दाम करतात.’ राग रास्त आहे, निष्कर्ष चुकीचा. पवना धरणातलं पाणी नदीतून वाहत येतं आणि शेजारच्या रावेतला, बंधाऱ्यापाशी उचललं जातं. तिथून ते निगडीच्या सेक्टर २३ मधल्या जलशुद्धीकरण केंद्रात जातं आणि शुद्ध होऊन टाक्यांमार्फत शहरभर वाटलं जातं. म्हणजे पुनावळ्याच्या उशाशी असलेलं पाणी निगडीची वारी करून परत येतं, आणि येताना वाटेतल्या प्रत्येक जुन्या वस्तीला देऊन उरलेलं येतं. शिवाय नोव्हेंबर २०१९ पासून अख्ख्या शहराला दिवसाआड पाणी सुरू झालं. नव्या भागातल्या बिल्डरांकडून पालिका हमीपत्रं घेत आली की पुरेसा पुरवठा होईपर्यंत पाण्याची सोय तेच करतील. फ्लॅटचा ताबा देऊन बिल्डर बाजूला झाला की ती सोय करणं सोसायटीच्या गळ्यात पडतं, म्हणजेच टँकर. हे हमीपत्र घर घेताना मागून घेऊन वाचलं पाहिजे. किती जण वाचतात?

धरणापासून थेट बंद जलवाहिनी टाकण्याची योजना होती. मावळातल्या शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ आंदोलकांवर गोळीबार झाला, तीन शेतकरी मृत्युमुखी पडले आणि काम थांबलं. त्यावरची स्थगिती उठायला २०२३ उजाडलं. दरम्यान आंद्रा धरणातून रोज १०० दशलक्ष लिटर आणि भामा आसखेडमधून १६७ दशलक्ष लिटर पाण्याचा कोटा शहराला मंजूर झाला. कोटा मंजूर होणं आणि नळाला पाणी येणं यांच्यामध्ये जॅकवेल, जलवाहिन्या, जलशुद्धीकरण केंद्र आणि पुन्हा कुणाची तरी जमीन असते.

पुनावळ्यात होऊ घातलेल्या कचरा डेपोबद्दल दोन समजुती आहेत, दोन्ही अर्धवट. पहिली, ‘आम्ही राहायला आलो आणि मग यांनी डेपो आणला.’ ते आरक्षण २००८ पासूनचं. तेव्हा आजच्या बहुतेक सोसायट्यांच्या जागी शेतं होती. वनजमिनीवरचं हे आरक्षण वनखात्याच्या पर्यायी जमिनीच्या अटीत वर्षानुवर्षं अडकून राहिलं आणि भोवती टॉवर उभे राहत गेले. फ्लॅट घेताना झोन दाखला आणि भाग नकाशा काढला असता तर ते दिसलं असतं. पण ब्रोशरमध्ये भाग नकाशा कोण छापतं? २०२३ मध्ये रहिवासी रस्त्यावर उतरले आणि त्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंत्री उदय सामंत यांनी डेपो रद्द करण्याची घोषणा केली. माझ्या मते निर्णय योग्यच होता, दाट वस्तीच्या मधोमध डेपो होऊ नये. पण ‘डेपो गेला, प्रश्न मिटला’ ही दुसरी समजूत तेवढीच खोटी. पुनावळ्याचा कचरा शहराच्या दुसऱ्या टोकाला मोशीला जातो. तिथे ऑगस्ट २०२३ मध्ये कचऱ्यापासून वीज तयार करणारा प्रकल्प सुरू झाला खरा, पण मोशीकरांच्या नाकाला विचारा.

मेट्रोबद्दल थोडक्यात. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर हा २३ किलोमीटरचा मार्ग वाकड, बालेवाडी, बाणेरकडून जातो, पुनावळ्यातून नाही. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून रावेत, वाकड, नाशिक फाटामार्गे चाकणला जाणाऱ्या मार्गाचा सविस्तर प्रकल्प अहवाल तयार झाला आहे. पण अहवाल म्हणजे मंजुरी नव्हे. पिंपरी ते निगडी या जेमतेम साडेचार किलोमीटरच्या विस्ताराला केंद्राची मंजुरी मिळायला ऑक्टोबर २०२३ लागला. ‘स्मार्ट सिटी’चंही तसंच. २०१७ मध्ये शहराची निवड झाली, पण क्षेत्रविकासासाठी घेतलेला भाग पिंपळे गुरव आणि पिंपळे सौदागरचा.

‘घरपट्टी भरतो, म्हणजे बांधकाम कायदेशीर’ हे गावठाणाच्या आसपासच्या वस्त्यांत हमखास ऐकू येतं. महापालिका अनधिकृत बांधकामावरही कर लावते आणि वर शास्तीकर, म्हणजे दंडही लावत असे. तो कायद्यातच आहे आणि तो भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलं आहे. २०२३ मध्ये शास्तीची थकबाकी माफ झाली. तीही फक्त दंडाची माफी होती. महारेराची नोंदणीही अशीच गैरसमजाची. ती प्रकल्पाच्या आतल्या वचनांपुरती असते. गेटबाहेरच्या रस्त्याची जबाबदारी तिच्यात येत नाही.

शेवटचा गैरसमज लोकसंख्येचा. शहराची म्हणून जी तीस लाखांच्या आसपासची संख्या तोंडातोंडी फिरते, ती अंदाजाची आहे. शेवटची मोजलेली संख्या २०११ ची, सुमारे १७ लाख २७ हजार, आणि तेव्हाच्या पुनावळ्यात आजचे बहुतेक टॉवर नव्हते. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतर बराच काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. म्हणजे माणसं मोजलेली नाहीत आणि त्यांच्या वतीनं सभागृहात उभं राहायलाही कुणी नव्हतं, अशा अवस्थेत हा भाग सगळ्यात वेगानं वाढला. लोकसंख्येची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हायची आहे. प्रगणक दारात आला की ‘आमची नोंद गावाकडे होईल’ म्हणून त्याला परत पाठवू नका. जिथे राहता, तिथेच नाव सांगा. प्रभागाच्या हद्दी आणि पाण्याचा कोटा त्याच आकड्यावरून ठरतो.