वेल्डिंगचा मुखवटा कोणता घ्यावा?

कर्जत-खालापुराकडे चिखलणीच्या तोंडावर टिलरचीं लोखंडी चाकें घरींच वेल्डिंग करून जोडणारे शेतकरी आतां पुष्कळ आहेत. आम्हींही एकदां नुसत्या काळ्या चष्म्यावर विसंबून तें केलें. कांहीं तासांनीं डोळ्यांची आग सुरू झाली व रात्र जागून काढिली.

साध्या मुखवट्याची १० वा ११ नंबरची काच स्वस्त व बिनभानगडीची. परंतु ठिणगी पडेपर्यंत तींतून कांहीं दिसत नाहीं, म्हणून माणूस मुखवटा उशीरा खालीं घेतो.

आपोआप काळवंडणाऱ्या मुखवट्यांतून सांधा आधींच दिसतो व ठिणगीबरोबर काच काळी होते. मात्र बॅटरी संपल्यास ती काळवंडत नाहीं. हें कामापूर्वीं तपासावें.

वरचेवर लहान टांके मारणाऱ्यानें दुसरा घ्यावा. क्वचित् लागणाऱ्यास पहिला पुरे. पाहणाऱ्या मुलांस मात्र दूरच ठेवावें.