दुखण्याच्या वहीत भावनांचा रकाना

माझी कंबर कित्येक वर्षं दुखते आहे. कुठे दुखतं ते मी बोट ठेवून सांगते. सिटी बसमध्ये मागच्या सीटवर बसले आणि बस खड्ड्यात आदळली, की कळ थेट मस्तकात जाते. पण नाशिकहून मुलगी फोनवर विचारते, "आई, तुला वाटतंय काय?" तेव्हा तोंडून एवढंच निघतं, "कसंतरी होतंय." राग आहे, काळजी आहे की एकटेपणा, हे माझं मलाच उमगत नाही.

भावना ओळखताना, सांगताना असं अडखळण्याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी १९७०च्या दशकात हे नाव दिलं. ते मोजायला टोरोंटोत तयार झालेली वीस विधानांची प्रश्नावली १९९४ साली प्रसिद्ध झाली. दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्यांमध्ये हे अडखळणं इतरांपेक्षा जास्त आढळतं, असं अनेक अभ्यास सांगतात. मात्र त्यामुळेच दुखतं, असा अर्थ काढू नये.

छातीतली धडधड, पोटातला गोळा यांची खबर मेंदूतला इन्सुला हा भाग घेतो. वेदना आणि भावना, दोन्हींत त्याचा वाटा असतो. भीतीनं स्नायू आखडतात. आपण घाबरलोय हे कळलंच नाही, तर जाणवते ती फक्त आखडलेली कंबर. गोळी घेतली जाते, भीती तशीच राहते.

म्हणून "सगळं मनाचे खेळ आहेत" हे ऐकलं की मला संताप येतो. वेदना खरीच असते. तिच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२०च्या व्याख्येतही तिला संवेदनेचा आणि भावनेचा अनुभव म्हटलं आहे.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला दुखण्याची नोंद ठेवायला सांगितली होती. त्या वहीत मी आणखी एक रकाना आखला: तेव्हा काय घडत होतं, मनात काय होतं? एका संध्याकाळी कळ वाढली, तेव्हा मुलीचा फोन आला नव्हता. बराच विचार करून लिहिलं, 'काळजी'. कंबर दुखायची थांबली नाही, पण मी आपणहून तिला फोन लावला.

एकट्यानं जमत नसेल, तर समुपदेशकाची मदत घ्यावी. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. घरच्यांनी "आज किती दुखतंय?" याच्या जोडीला "आज कशाची काळजी वाटली? कशाचा राग आला?" हेही विचारावं. उत्तर लगेच येणार नाही. तेवढा वेळ जवळ बसावं.