नाकारलेला कप्तान परत येतो तेव्हा

आपल्या मुली मोबाइलवर इंग्रजी प्रेमकथा वाचत बसतात, ही तक्रार आम्ही महिला मंडळाच्या बैठकांत नेहमी ऐकतो. त्यातला एक प्रकार मुलींच्या विशेष आवडीचा आहे. दोघांचे प्रेम असते, घरच्यांमुळे ते तुटते, तो फौजेत जातो आणि काही वर्षांनी गणवेशात तिच्या दारी परत येतो. वडीलधारी मंडळी याला वेळ फुकट घालवणे म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. मुलींना या कथांत काय सापडते, हे समजून घ्यायचे तर याच वळणाची एक जुनी कादंबरी पाहावी. इंग्लंडच्या जेन ऑस्टिनची ‘पर्स्वेशन’. म्हणजे मन वळवणे.

ॲन एलियट ही सर वॉल्टर या वंशपरंपरागत किताबवाल्याची मुलगी. एकोणिसाव्या वर्षी तिचे लग्न आरमारातल्या वेंटवर्थ या तरुण अधिकाऱ्याशी ठरते. त्याच्याजवळ ना पैसा, ना घराण्याचे नाव. वडील तुच्छतेने पाहतात. आईच्या जागी असलेली लेडी रसेल गोड शब्दांत समजावते आणि ॲन नकार देते. आठ वर्षांनी, १८१४ साली, युद्ध थांबल्यावर तो कप्तान होऊन परततो. ॲन सत्तावीस वर्षांची, कोमेजलेली, घरात कोणी न विचारणारी. तो रागात आहे. तिला ओळखलेही नसते, इतकी ती बदलली, असे तो बोलून जातो आणि ते तिच्या कानावर येते. पुढे लाइमच्या धक्क्यावर एक मुलगी पडून बेशुद्ध होते. भले भले गोंधळतात, तेव्हा डॉक्टर बोलवा, हिला इथून हलवा, हे सुचते ते ॲनलाच. तिथून त्याची नजर बदलू लागते.

आम्हाला मात्र या पुस्तकात खरा रस वाटला तो सर वॉल्टरच्या एका तक्रारीत. आरमारावर त्याचा राग दोन कारणांसाठी. एक, हलक्या कुळातली माणसे तिथे नको तितकी वर चढतात. दुसरे, समुद्राच्या वाऱ्याने चेहरा रापतो! स्वतः हा गृहस्थ आरशांच्या खोलीत राहणारा आणि कर्जात बुडालेला. शेवटी राहता वाडा भाड्याने द्यावा लागतो, तोही आरमाराच्याच ॲडमिरलला.

वाचकहो, ही तक्रार आपल्या ओळखीची आहे. हे पुस्तक १८१७ च्या डिसेंबरात बाहेर आले आणि मोजक्या दिवसांनी, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमा कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी लढणाऱ्या कंपनीच्या तुकडीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस आपली लष्करभरती बंद झाली. १९१७ साली १११ महार पलटण उभी राहिली, ती १९२१ ला मोडली. महार रेजिमेंट यायला १९४१ साल उजाडावे लागले. बाबासाहेब स्वतः सुभेदार रामजींचे पुत्र. गणवेशाने माणसाची मान कशी ताठ होते, हे आपल्या घरांना कोणी शिकवायला नको.

तरी हिशेबाच्या माणसाला एक गोष्ट खटकतेच. वेंटवर्थ परततो तो पंचवीस हजार पौंड घेऊन. शत्रूचे जहाज पकडले की त्याच्या किमतीची वाटणी होई. कप्तानाला मोठा हिस्सा आणि शेकडो खलाशांना मिळून उरलेला चतकोर. त्यातले कित्येक खलाशी तर बंदरावरून जबरदस्तीने धरून आणलेले. तो रिकाम्या हाताने आला असता तर? सर वॉल्टरने दुसऱ्यांदाही दार उघडले नसते.

आणि आपण? वधू-वर मेळाव्यात अर्ज भरून घेताना आम्ही पाहतो. बावणे की लाडवण, हे अजून हळूच विचारले जाते. नोकरी कायम आहे का, हे मोठ्याने विचारले जाते. पोरगा कंत्राटी असेल तर चहासुद्धा गार होतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात सर वॉल्टर बसलेला असतो, आणि लेडी रसेलसारखी प्रेमळ मावशी तर प्रत्येक घरात असते. मुली या कथा का वाचतात, ते आम्हाला इथे कळते. एकदा दुसऱ्यांच्या सांगण्यावरून दिलेले उत्तर स्वतःच्या अकलेने बदलता येते, एवढे त्यांना कुठेतरी वाचायला हवे असते.

शेवटी ॲन म्हणते, तेव्हा सल्ला ऐकला तो बरोबरच केले. हे आम्हाला मुळीच पटत नाही. पण बाईच्या निष्ठेवरून वाद होतो, तेव्हा समोरचा पुस्तकांचे दाखले देऊ पाहतो आणि ती ते साफ नाकारते, कारण पुस्तके लिहिणारे सगळे पुरुष. लेखणी ज्याच्या हाती त्याचाच इतिहास, हे आपण तर पिढ्यानपिढ्या भोगले. खुद्द ऑस्टिनची पुस्तके तिच्या हयातीत तिच्या नावाने छापली गेली नाहीत. हे पुस्तक निघाले तेव्हा तिला जाऊन पाच महिने झाले होते.

गोष्ट १८१५ च्या सुरुवातीला संपते. त्याच मार्चमध्ये नेपोलियन एल्बा बेटावरून परतला आणि पुन्हा युद्ध पेटले. पहिल्या वाचकांना हे ठाऊक होते. म्हणूनच लग्नाच्या आनंदातही ॲनच्या मनात धास्ती राहते. ज्यांचा मुलगा वा जावई सीमेवर आहे, त्या घरांत बातम्या लागल्या की भांड्यांचा आवाज का थांबतो, तीच ही धास्ती.